खिळ्यावरचं घुंगरू

आमचं पाखरू त्या दिवशी वैनगंगेवर बावचळल्यासारखं करत होतं. अर्ध्या नदीपर्यंत जाई, थबके, वळे, परत येई, पुन्हा वळे. दोन्ही काठांवरची माणसं माना वर करून बघत होती. काहींना वाटलं ही सरकारी कवायत आहे. एका आजोबांनी तर टाळ्याही वाजवल्या. शेवटी बॅटरी संपली आणि पोटात रक्ताची पिशवी घेऊन पाखरू पात्रातल्या वाळूच्या बेटावर जाऊन बसलं, बगळ्यांच्या शेजारी.

त्या एका पिशवीची दोन गावं वाट बघत होती. दोन्ही गावांना आम्ही छातीठोकपणे सांगितलं होतं, "निघालंय, पोचतंच." दोन्ही रुग्ण वाचले ते होडीवाल्यांच्या हिमतीवर. आमचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

मी प्रांजली मोहुर्ले. वैनतीर आरोग्य उड्डाण केंद्रात सर्व्हरचं काम माझ्याकडे. पूर आला की नदीपलीकडच्या टोल्यांचा, म्हणजे लहान वस्त्यांचा, जगाशी संबंध तुटतो, म्हणून २०४१ साली हे केंद्र उभं राहिलं. सहा पंख्यांची, वैमानिक नसलेली यंत्रं रक्त आणि औषधं घेऊन जातात. कागदोपत्री त्यांची नावं लांबलचक आहेत, पण लोकांनी पहिल्याच पावसाळ्यात त्यांना पाखरू म्हणायला सुरुवात केली आणि कागदांचं कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख बुरांडे सरांनी मला बोलावलं. सर मनाने चांगले, पण चिडले की फार हळू बोलतात. त्या दिवशी ते जवळजवळ कुजबुजत होते.

"मोहुर्ले, एवढंच सांगा. वेड पाखराला लागलं होतं की तुमच्या सर्व्हरला?"

"कोणालाच नाही सर. दोन शहाणे होते, म्हणूनच घोळ झाला."

मग मी त्यांना फळ्यावर चित्र काढून दाखवलं. गावातून मदतीचा फोन आला की आमच्या सर्व्हरमध्ये एक नवी प्रोसेस जन्माला येते. आम्ही तिला पाठीराखा म्हणतो. एका रुग्णामागे एक पाठीराखा. रक्त कुठे आहे, औषध कुठे आहे, कोणतं पाखरू मोकळं आहे, ही सगळी धावपळ तो फक्त आपल्या रुग्णासाठी करतो, आणि रुग्ण सुखरूप झाला की संपतो. प्रत्येक पाठीराख्याची खोली वेगळी. एकाच्या स्मृतीत काय आहे ते दुसऱ्याला दिसत नाही. हे आम्ही मुद्दाम केलेलं, कारण एखादा पाठीराखा बिघडून कोसळला तर बाकीच्यांना धक्का लागू नये.

पण भिंती जाड असल्या की शेजारी काय चाललंय तेही कळत नाही. पाखरांच्या आणि साठ्याच्या यादीची प्रत्येकाकडे आपापली नक्कल. त्या दिवशी दोघांनी एकाच क्षणी आपापली नक्कल बघितली. दोघांनाही पाखरू मोकळं दिसलं आणि दोघांनीही गावाला शब्द देऊन टाकला. मग एकमेकांना निरोप पाठवून ते भांडत बसले. ते भांडण साऱ्या नदीकाठाने आभाळात बघितलं.

"मग सगळ्यांना एकाच खोलीत कोंबा," सर म्हणाले. "एकच मोठा मेंदू. भांडण नको नि तंटा नको."

"तो एक मेंदू पडला तर सगळे रुग्ण एकदम अनाथ होतील, सर."

सरांनी चष्मा काढला. "वरून निरोप आलाय. पुढच्या पुराच्या आत हा दोष गेला नाही तर केंद्र बंद. पाखरं शहरात जातील, पार्सलं पोचवायला. माझं काय, माझी बदली होईल. त्या टोल्यांची बदली कुठे करणार?"

माझी सख्खी धाकटी बहीण सुगंधा, आमची सुगी, नदीपलीकडे हळदीटोल्याला दिलेली. पूर आला की सहा पंखे हाच तिच्या गावाचा रस्ता.

दिवाळीनंतर मी वडशाला घरी गेले. घर म्हणजे मैना रंगभूमी. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. गावोगावची मंडळं वडशाला येतात, कंपन्यांच्या दारात बसून नाटक ठरवतात, आवडत्या नटासाठी हट्ट धरतात. माझी आई मैनाबाई तरुणपणी नायिका होती. पुढे तिने स्वतःची कंपनी काढली. ती कंपनी मी चालवावी अशी तिची फार इच्छा. मी संगणकाच्या वाटेला गेले, तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे नुसती टोचाटोची.

"आली का यंत्रायची रानी?" दारातच स्वागत झालं. "पाखरू रेतीत बसवलं म्हनते तुह्या लोकायनं?"

"माय, आधी चहा तरी दे."

"घे नं. चहा कराले अजून यंत्र नाई ठेवलं मी."

चहा हातात आला तोच बाहेरच्या खोलीत गलका झाला. दोन गावांची मंडळं समोरासमोर उभी, आणि दोघांचंही म्हणणं एकच. शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या दिवशी आमच्या गावाला झिंगरू देतो असा शब्द कंपनीने दिलाय. झिंगरू म्हणजे आमचा विनोदी नट. तो रंगमंचावर नुसता येऊन उभा राहिला तरी बाया पदर तोंडाला लावतात. पण झिंगरू एकच आणि दिवसही एकच.

मायने नव्या मॅनेजरकडे नजर वळवली. "बोलनी केली तवा झिंगरूचं घुंगरू कुठी होतं?"

"खिळ्यावरच होतं बाई. पन मी घरी होतो. माह्या फोनात त्या दिवसाची तारीख रिकामी दिसली..."

"फोन तुह्या एकट्यापाशी हाय बाबू! खिळा सगळ्यायच्या समोर हाय!"

मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. समोरची भिंत मी रांगत होते तेव्हापासून बघत आलेय. प्रत्येक नटाच्या नावाचा एक खिळा आणि त्यावर त्याचं एकच घुंगरू. झिंगरूची बोलणी करायची तर मॅनेजरने आधी त्याचं घुंगरू हातात घ्यायचं. खिळा रिकामा दिसला की दुसऱ्याने त्या नटाबद्दल तोंड उघडायचं नाही. सौदा पक्का झाला की खिळ्याखाली खडूने तारीख आणि गाव लिहायचं, त्याखाली रेघ ओढायची आणि घुंगरू परत लटकवायचं. रेघ नसेल तर ते लिहिणं अर्धवट, त्यावर कोणी विसंबायचं नाही. एकदा एक मॅनेजर घुंगरू खिशात घालून जेवायला गेला आणि तिकडेच घोरत पडला. दुपारभर मंडळं दारात ताटकळली. तेव्हापासून नियम झाला, उंबरा ओलांडायचा तर घुंगरू खिळ्यावर ठेवूनच. आणि सगळ्यांत कडक नियम शेवटचा. नट आजारी पडला, पळून गेला, काही झालं तरी खडूने लिहिलेलं गाव पुसायचं नाही. त्याच्या जागी दुसरा जाईल, पण गावाला दिलेला शब्द भिंतीवर राहील.

"काय पाहून रायली तशी?" माय म्हणाली. "चहा थंडा झाला."

"माय, ही भिंत मी घेऊन जाते."

"पाहा!" माय दोन्ही मंडळांकडे वळून म्हणाली. "कंपनी नोको, भिंत पायजे! अशी पोरगी देवानं कोनाले देऊ नये."

दोन्ही मंडळं भांडण विसरून हसली. शेवटी एका गावाला शंकरपटाच्या आदल्या दिवसाचा झिंगरू मिळाला आणि वर दोन गाणी फुकट.

त्या हिवाळ्यात मी सर्व्हरमध्ये भिंत बांधली.

खोल्या तशाच ठेवल्या. भिंती जाड त्या जाडच. फक्त प्रत्येक खोलीला एक खिडकी पाडली आणि सगळ्या खिडक्या एका अंगणात उघडल्या. अंगणात एक सामाईक पाटी. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर स्मृतीचा एक तुकडा सगळ्या प्रोसेसना मिळून दिला. निरोप पाठवायचे नाहीत, नकला ठेवायच्या नाहीत. जे आहे ते पाटीवर, आणि सगळे तीच एक पाटी बघणार. प्रत्येक पाखराचा एक खिळा आणि खिळ्यावर एक घुंगरू.

यात खरी मेख एकाच जागी होती. बघणं आणि उचलणं यांच्यामध्ये क्षणाचीही फट राहिली तरी दुसरा कोणी त्या फटीत हात घालतो. वाळूचं बेट त्या फटीनेच दाखवलं होतं. सुदैवाने प्रोसेसरमध्ये एक जुनी सोय असते. बघणं आणि उचलणं ही दोन कामं तो एकाच घासात करतो, मध्ये कोणाला शिरूच देत नाही. मी घुंगरू त्या सोयीवर टांगलं. घुंगरू ज्याच्या हाती त्याने पाटीवर सतत टिचकी मारत राहायची, म्हणजे तो जागा आहे हे कळतं. टिचकी थांबली की काही क्षण वाट बघून घुंगरू आपोआप खिळ्यावर परत. जेवायला गेलेल्या मॅनेजरचा बंदोबस्त झाला.

बुरांडे सरांशी माझा वाद झाला तो शेवटच्या नियमावरून.

"पाठीराखाच कोसळला तर त्याचा मजकूर कशाला ठेवायचा? मेलेल्याच्या नावाची पाटी पुसून टाका. जागा अडते."

"पाठीराखा कोसळतो सर, रुग्ण नाही. त्याला काय हवंय ते जिवंत माणूस पुसेपर्यंत पाटीवर राहू द्या. आमच्या वडशाला असंच असतं."

"वडशाला सर्व्हर कधी आला?"

"माझ्या जन्माच्या आधीच, सर."

सरांनी कागद पुढे ओढला आणि सही केली.

पुढच्या श्रावणात नदीने मनावर घेतलं. दोन दिवसांत टोले तुटले. त्यात वारा असा की लहान पाखरं जागची उडेनात. एकच मोठं पाखरू त्या वाऱ्यात टिकाव धरी. दुपारी जेवणाचा डबा उघडायला आणि हळदीटोल्याचा फोन यायला एकच गाठ पडली. पडद्यावर नवा पाठीराखा उगवला. पाटीवर त्याने लिहिलं, बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, रक्तगट, दोन पिशव्या, शाळेचं अंगण. आणि नाव सुगंधा नन्नावरे.

माझ्या हातातला घास डब्यात पडला.

पाठीराख्याने मोठ्या पाखराचं घुंगरू उचललं. मागच्या शेडमध्ये रक्ताच्या पिशव्या पाखराच्या पोटात चढल्या. आता सुटणार म्हणून मी खुर्चीवरून उठले, आणि पडदा गप्प झाला. नदीपलीकडचा टॉवर कोसळला होता. पाठीराखा हळदीटोल्याला काहीतरी विचारत होता आणि उत्तर येईपर्यंत जागचा हलणार नव्हता. उत्तर आता येणारच नव्हतं. घुंगरू त्याच्या खिशात आणि तो घोरत पडलेला.

तेवढ्यात दुसरा फोन आला. कोसमटोला, हळदीटोल्याच्या बराच पुढे, टेकडीवरचा टॉवर अजून उभा असलेला. जैराम मडावी मासे धरायला गेला होता, घोणस चावली. फोनवर त्याची बायको होती. "पाय कमरेपर्यंत सुजला जी. लवकर पाठवा जी." तिच्यासाठी दुसरा पाठीराखा जन्मला. त्याने पाटीवर आपली गरज लिहिली, रेघ ओढली आणि रिकाम्या खिळ्यासमोर उभा राहिला.

नियम मीच लिहिलेला. टिचकी थांबलेली आहे. थोड्या वेळात सुगंधाच्या पाठीराख्याच्या हातून घुंगरू सुटेल आणि जैरामच्या पाठीराख्याला मिळेल. पाखरू एकदा कोसमटोल्याला जाऊन आलं की पुन्हा बॅटरी भरून निघेपर्यंत सुगंधाचं काय होईल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझ्या टेबलावर हाताने हुकूम द्यायची कळ होती. ती दाबली की पाखरू सरळ हळदीटोल्याला गेलं असतं.

बुरांडे सर मागे येऊन उभे होते. त्यांनी पाटीवरचं नाव वाचलं. "बहीण ना तुमची?" ते अगदी हळू म्हणाले, पण चिडलेले नव्हते. "मी जरा खिडकीतून बाहेर बघतो, मोहुर्ले." आणि खरंच ते पाठ करून उभे राहिले.

मी कळीवर बोट ठेवलं. मी काही संत नाही. लहानपणी सुगीला पाठुंगळीला घेऊन मी अख्खं वडसा फिरले आहे. त्या क्षणी जैराम मडावी माझा कोणी लागत नव्हता, आणि त्याची बायको कानात "लवकर पाठवा जी" म्हणत होती.

मोबाइल वाजला. माय होती.

"सुगीकडं फोन लागत नाई. तुह्या पडद्यावर काय दिसते?"

मी सगळं सांगितलं. सुगी, टॉवर, सापवाला, कळ.

"घुंगरू कोनापाशी हाय?"

"सुगीच्या पाठीराख्यापाशी. पण तो बंद पडलाय माय. उठणार नाही तो."

"मंग खिळ्यावर येऊ दे." तिचा आवाज कापत होता. "मले सुगी पायजे. पन घुंगरू हिसकाचं नाई. आज तू हिसकलं त उद्या कोनी बी हिसकन, मंग भिंत कायची राह्यली?" आणि मग तिला राहवलं नाही. "गाव पुसलं त नाई नं व तू?"

"नाही माय. गाव लिहिलेलं आहे."

मी बोट उचललं. आयुष्यात एवढं जड बोट मी कधी उचललं नव्हतं.

घुंगरू सुटलं. खिळ्यावर आलं न आलं तोच जैरामच्या पाठीराख्याने ते उचललं. सापाच्या विषावरच्या इंजेक्शनांची पेटी पाखराच्या पोटात चढली. आता रक्ताच्या पिशव्या खाली उतरतील, मी बघत होते. त्या उतरल्या नाहीत. मला वाटलं अजून एक बिघाड. मग पडद्यावर मार्गाची ओळ उमटली.

वैनतीर, हळदीटोला, कोसमटोला.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी सरांच्या अंगावर ओरडलेच. "त्याने पाटी वाचली! सर, त्याने सुगीची पाटी वाचली!"

हिवाळ्यात मी एक बारीकसा नियम टाकला होता. निघण्याआधी पाटीवर नजर फिरव. रेघ ओढलेली एखादी गरज वाटेत बसत असेल आणि वजन झेपत असेल तर तीही घे. तो मी लिहिला होता जिवंत पाठीराख्यांसाठी. मेलेल्यांचा मजकूर धरू नको असं मात्र मी कुठेच लिहिलं नव्हतं. सुगीचा पाठीराखा घोरत पडण्याआधी रक्तगट, पिशव्या, शाळेचं अंगण सगळं लिहून खाली नेटकी रेघ ओढून गेला होता. परक्या रुग्णाच्या पाठीराख्याने ती रेघ बघितली, रक्त आधीच चढलेलं बघितलं, गाव वाटेतच असल्याचं बघितलं, आणि माझ्या बहिणीला आपल्या खांद्यावर घेतलं. सर म्हणाले होते तशी पाटी पुसली असती तर सुगी सर्व्हरच्या लेखी जगातच नव्हती.

पाखरू नदीवर आलं. ना थबकलं, ना वळलं. वाऱ्याला खांदा देत ते तिरकं तिरकं गेलं आणि हळदीटोल्याच्या शाळेवर येऊन थांबलं. रक्ताच्या पिशव्यांसह दोर खाली सोडला. दोराचं सामान माणसाच्या हाताने सोडवलं की आमच्याकडे हिरवा दिवा लागतो. खाली फोन नाही, काही नाही. पंख्यांचा आवाज ऐकून कोणी बाहेर येईल का, एवढाच प्रश्न होता. सर खिडकी सोडून माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. मोबाइलवर माय तशीच होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

हिरवा दिवा लागला.

बुरांडे सरांसारख्या माणसाने टेबलावर मूठ आपटून "शाब्बास!" म्हणून आरोळी ठोकली. ती ऐकून शेडमधली माणसं धावत आली. पुढे कोसमटोल्याचाही दिवा लागला, आणि जैरामची बायको फोनवर एवढंच म्हणाली, "आलं जी, आलं." मी टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. सरांनी माझा उघडा डबा झाकून बाजूला ठेवला.

पूर उतरल्यावर पहिल्या होडीने बातमी आली. सुगी अशक्त होती, पण वाचली होती. मुलगी झाली होती आणि ती गाव डोक्यावर घेत होती. जैराम काठी टेकत स्वतः तिला बघायला आला, सोबत मासे घेऊन. केंद्र बंद करण्याची भाषा थांबली. उलट दोन आणखी नद्यांवर अशी केंद्रं करायची म्हणून वरून माणसं आमची पाटी शिकायला आली, आणि मी त्यांना घुंगराची गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली.

पुढच्या आठवड्यात माय केंद्रात आली. माझ्या नोकरीच्या जागी ती पहिल्यांदाच येत होती. काठाची साडी, कपाळभर कुंकू, नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला निघाल्यासारखी. सर्व्हरच्या खोलीत ती कपाटांपुढे उभी राहिली, लुकलुकणारे दिवे बघितले.

"एवढुसेच हाय? मले वाटलं मोठी कंपनी असन."

"एवढीच आहे."

"चालवतं त चांगली." एवढं बोलायला तिला बरीच वर्षं लागली होती. "आता मी तुले कंपनीचं म्हननार नाई. तुही कंपनी उभी हाय."

मग तिने पिशवीतून एक खिळा काढला, हातोडी काढली, आणि कोणाची परवानगी न घेता दाराशेजारच्या भिंतीत खिळा ठोकला. बुरांडे सर "अहो, अहो" म्हणेपर्यंत काम झालं होतं. खिळ्यावर तिने तिचं स्वतःचं घुंगरू लटकवलं, नायिका होती तेव्हाचं, पितळ काळं पडलेलं. बोटाने हलवून आवाज बघितला. मग मुरलेल्या मालकिणीच्या आवाजात मला म्हणाली,

"आन जेवाले जाशीन तवा खिशात घालून नोको नेऊ."